पुंज किल्ली-वितरण यंत्रणांचा विकास

एकमेकांपासून दूर असलेल्या दोन स्थानकांवर एकच गुप्त व यदृच्छ (कोणत्याही नियमाने बांधलेली नाही अशी) अंकमाला एकेकट्या प्रकाशकणांच्या साहाय्याने निर्माण करण्याच्या पद्धतीस पुंज किल्ली-वितरण म्हणतात. ही अंकमाला पुढे गूढलेखनाची किल्ली म्हणून वापरली जाते. प्रत्यक्ष संदेश नेहमीच्या तारेतून, तंतूतून वा रेडिओमार्गाने गेला तरी चालतो. पुंजयामिकीच्या नियमांचा उपयोग केवळ किल्लीपुरता असतो. लोकप्रिय लेखनात हा भेद पुष्कळदा पुसला जातो व त्यामुळे या पद्धतीकडून नसत्या अपेक्षा बाळगल्या जातात.

या तंत्राचे मूळ तत्त्व १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते जेमतेम पाच पृष्ठांत मावले. त्या तत्त्वावर दिवसरात्र माणसाच्या मदतीवाचून चालणारे यंत्र उभे करण्यास मात्र पुढची सु. पंचवीस वर्षे लागली. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने या दुसऱ्या भागाचा, म्हणजे व्यवहार्य व स्थिर यंत्रणा घडविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास दिला आहे.

मूळ कल्पना : संदेशाइतकीच लांब, पूर्णतया यदृच्छ आणि एकदाच वापरलेली किल्ली असेल, तर गूढलेख कोणत्याही गणिताने उकलता येत नाही. जी. एस्. व्हर्नम यांनी १९१७ मध्ये अमेरिकेत तारयंत्रासाठी या धर्तीची योजना आखली आणि तिच्या अभेद्यतेची सिद्धता सी. ई. शॅनन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. अडचण राहिली ती किल्ली पोहोचविण्याची. ती नेण्यासाठी विश्वासू जासूद पाठवावा लागे आणि जासुदाने वाटेत थैली उघडली की काय, हे कळण्यास मार्ग नव्हता. १९७० नंतरच्या दशकात सार्वजनिक किल्लीच्या गणिती पद्धती निघाल्या व जासुदाची गरज उरली नाही. परंतु या पद्धतींची सुरक्षितता मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे अवघड आहे यांसारख्या गृहीतांवर उभी आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये पुंज संगणकावर हे अवयव झपाट्याने पाडता येतील असे दाखविले. तोवर काहीशी विद्वत्क्रीडा मानल्या गेलेल्या पुंज किल्ली-वितरणाकडे शासनांचे व दूरसंदेशवहन कंपन्यांचे लक्ष गेले ते यानंतरच.

पुंजयामिकीतील मर्यादेचा असा उपयोग करता येईल हे प्रथम स्टीव्हन विझनर यांना सुचले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असताना सु. १९७० मध्ये त्यांनी नक्कल करता न येणाऱ्या चलनी नोटेची कल्पना मांडली. नोटेत काही प्रकाशकण निरनिराळ्या ध्रुवणदिशांत (प्रकाशतरंगाचे कंपन ज्या दिशेत होते त्या दिशांत) कोंडून ठेवावयाचे. त्या दिशा फक्त बँकेला ठाऊक असल्याने बनावट नोट करणारा कण मोजू गेला, की ते बिघडतात. विझनर यांचा लेख नियतकालिकाने परत पाठविला व तो छापला गेला तो १९८३ मध्ये, तेरा वर्षांनी. विझनर पुढे इझ्राएलमध्ये स्थायिक झाले व तेथे त्यांनी काही काळ बांधकामावर मजुरीही केली.

त्यांची कल्पना जिवंत राहिली ती त्यांचे विद्यार्थिदशेतील स्नेही चार्ल्स एच्. बेनेट यांच्यामुळे. बेनेट आय्. बी. एम्. च्या संशोधन विभागात काम करीत होते. १९७९ मध्ये प्वेर्तो रीकोमधील सान ह्वान येथे एका परिषदेच्या वेळी समुद्रात पोहत असताना त्यांनी माँट्रिऑलचे तरुण संगणकशास्त्रज्ञ झील ब्रासार यांना गाठले आणि विझनर यांच्या नोटांविषयी सांगितले. या संभाषणातून पुढील सहकार्य सुरू झाले. प्रकाशकण साठवून ठेवणे जवळजवळ अशक्य, पण पाठविणे सोपे, हे दोघांच्या ध्यानात आले व नोटेची जागा किल्लीने घेतली.

या विषयाचा पायाभूत निबंध डिसेंबर १९८४ मध्ये बंगलोर (आताचे बंगळुरू) येथे भरलेल्या संगणक, प्रणाली व संकेत-संस्करण यांवरील आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर झाला. विजय भार्गव यांनी ब्रासार यांना हव्या त्या विषयावर बोलण्याचे निमंत्रण दिले होते. इतरत्र असा विषय स्वीकारला जाईल याची खात्री नव्हती. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे व वर्ष यांवरून ही पद्धती ‘बीबी-८४’ म्हणून ओळखली जाते. तीत प्रेषक प्रत्येक प्रकाशकणाचे ध्रुवण चार दिशांपैकी एका दिशेत (उभे, आडवे किंवा दोन तिरकसांपैकी एक) ठेवून पाठवितो. ग्राही प्रत्येक कणासाठी उभी-आडवी किंवा तिरकस यांपैकी एक मोजणी आपल्या मनाने निवडतो. मागाहून दोघे उघड्या मार्गावरून फक्त कोणती मोजणी निवडली होती एवढेच सांगतात व जेथे निवड जुळली तेवढेच अंक ठेवतात. वाटेत कोणी कण मोजून पुन्हा पाठविला, तर त्याची निवड निम्म्या वेळा चुकते आणि ठेवलेल्या अंकांपैकी सरासरी २५ टक्के अंक बिघडतात. अज्ञात अवस्थेतील कणाची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे डब्ल्यू. के. वूटर्स व व्होयचेख झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डी. डीक्स यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले होते. त्यामुळे हेराला दुसरी वाटही राहत नाही. १९९१ मध्ये ऑक्सफर्ड येथील आर्टुर एकर्ट यांनी परस्परगुंतित कणांच्या जोड्या वापरणारी निराळी पद्धती सुचविली.

पहिले उपकरण : बेनेट, ब्रासार व त्यांचे विद्यार्थी यांनी ऑक्टोबर १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील यॉर्कटाउन हाइट्स येथील प्रयोगशाळेत पहिली यंत्रणा चालविली. प्रकाशकणांनी हवेतून कापलेले अंतर होते सु. ३२ सेंमी. ध्रुवणदिशा बदलण्यासाठी उच्च विद्युत् दाबावर चालणारे पॉकेल्स कोश वापरले होते. दाब बदलला की त्यांच्या वीजपुरवठ्यातून निरनिराळा आवाज येई. त्यामुळे ही यंत्रणा बहिऱ्या हेरापासून मात्र पूर्ण सुरक्षित आहे, अशी थट्टा खुद्द संशोधकच करीत. या थट्टेतील मुद्दा पुढे फार गंभीर ठरला. सिद्धता प्रकाशकणांविषयी असते, हेर मात्र यंत्राचा कोणताही भाग वापरू शकतो.

या प्रयोगाचे खरे महत्त्व अंतरात नव्हते. अंकांतील चुका उघड चर्चेने दुरुस्त करणे आणि नंतर लांब अंकमाला आटवून तिच्यातून हेराला अजिबात ठाऊक नसलेली आखूड माला काढणे, या दोन्ही क्रिया येथे प्रथमच प्रत्यक्ष यंत्राला जोडल्या गेल्या. उपकरणे कितीही चांगली असली, तरी काही चुका होतातच. त्या हेरामुळे झाल्या की यंत्रामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून सर्व चुका हेराच्या खात्यावर टाकून तेवढी किल्ली कापून टाकतात. बीबी-८४ मध्ये चुकांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या आत असेल तर सुरक्षित किल्ली मिळू शकते, असे शोर व जॉन प्रेस्किल यांनी २००० मध्ये दाखविले. यंत्राच्या स्थैर्याचा प्रश्न येथेच सुरक्षिततेच्या प्रश्नाला येऊन मिळतो. आरसा किंचित हलला, तंतू थोडा तापला, तर यंत्र केवळ कमी कार्यक्षम होत नाही. त्याला आपल्यावर हेर बसला आहे असे वाटू लागते आणि ते किल्ली देणे थांबविते.

तंतू आणि स्थैर्याचा प्रश्न : शहराशहरांतून अगोदरच पुरलेल्या काचतंतूंतून प्रकाशकण पाठविता आले तरच ही पद्धती उपयोगाची, हे उघड होते. जिनीव्हा विद्यापीठातील नीकोला जीझँ यांच्या गटाने १९९३ मध्ये सु. १ किमी. तंतूतून ध्रुवणपद्धतीने किल्ली पाठविली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये पॉल टाउनझेंड, जॉन रॅरिटी व पॉल टॅप्स्टर यांनी १० किमी. तंतूवर ध्रुवणाऐवजी प्रकाशतरंगाची कला (तरंगाची आंदोलनातील स्थिती) वापरून प्रयोग केला. १९९५ मध्ये जिनीव्हाच्या गटाने प्रयोगशाळा सोडली. जिनीव्हा व न्यों या गावांमध्ये सरोवराच्या तळाशी टाकलेली २३ किमी. लांबीची दूरध्वनी तंतुवाहिनी त्यांनी वापरली. १,३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या या प्रयोगात चुकांचे प्रमाण सु. ३·४ टक्के होते. तत्त्व प्रत्यक्ष वाहिनीवर चालते हे सिद्ध झाले, परंतु यंत्राजवळ कोणीतरी सतत बसून राहावे लागे.

याचे कारण काचेच्या स्वभावात आहे. तंतू वाकला, दाबला किंवा तापला की त्यातून जाणाऱ्या प्रकाशाची ध्रुवणदिशा फिरते. जमिनीखालील वा पाण्याखालील वाहिनीत हा फेर मिनिटांच्या वा तासांच्या वेगाने होतो; खांबांवरून नेलेल्या वाहिनीत वाऱ्याबरोबर काही क्षणांत होतो. कला वापरली तर ध्रुवणाचा त्रास कमी होतो, पण दुसरा वाढतो. कलापद्धतीत प्रेषकाकडे व ग्राहीकडे एकेक व्यतिकरणमापक (प्रकाशाचे दोन मार्ग करून ते पुन्हा एकत्र आणणारे उपकरण) असतो आणि दोघांच्या आखूड-लांब मार्गांतील फरक तरंगलांबीच्या अल्पांशापर्यंत सारखा राहावा लागतो. एक मीटर तंतूचे तापमान १° से.ने बदलले तर प्रकाशमार्ग सु. १० मायक्रोमीटरांनी, म्हणजे वापरातील प्रकाशाच्या सहा-सात तरंगलांब्यांनी बदलतो. दोन गावांत ठेवलेल्या दोन पेट्यांनी काही नॅनोमीटरांपर्यंत एकमेकींशी जुळवून घ्यावे, अशी ही मागणी होती.

जिनीव्हाच्या गटाने १९९७ मध्ये यावर जो उपाय काढला, तो या इतिहासातील सर्वांत नामी म्हणता येईल. मार्ग स्थिर करण्याच्या खटपटीत न पडता त्यांनी प्रकाश त्याच मार्गाने परत आणला. ग्राही तेजस्वी स्पंद पाठवितो. तो प्रेषकाकडे पोहोचतो, तेथे त्याचे तेज एका प्रकाशकणाच्याही खाली उतरविले जाते, त्याच्या कलेत अंक भरला जातो व तो फॅराडे आरशावरून आल्या वाटेने परततो. फॅराडे आरसा चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने ध्रुवणदिशा काटकोनात फिरवून प्रकाश परावर्तित करतो. जाताना तंतूने केलेला फेर येताना आपोआप उलटा होऊन नाहीसा होतो, तंतू कसाही असो. मार्गातील लांबीचा फरकही दोन्ही खेपांना सारखाच पडल्याने त्याचा परिणाम उरत नाही. इटलीचे मार्टिनेल्ली यांनी या आरशाचा गुणधर्म १९८९ मध्ये दाखविला होता. गूढलेखनाशी त्यांचा संबंध नव्हता. न्योंच्या सरोवरतळाशी गेलेल्या त्याच वाहिनीवर नव्या यंत्रणेने व्यतिकरण पट्ट्यांची सुस्पष्टता ९९·८ टक्के दिली व तीही कोणतेही जुळवाजुळव न करता. जोडणी केली की यंत्र चालू, असेच या रचनेचे नाव पडले. २००२ मध्ये जिनीव्हा ते लोझान या ६७ किमी. अंतरावर तिची यशस्वी परीक्षा झाली. याच गटातील संशोधकांनी २००१ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने ती बाजारात आणली. ऑक्टोबर २००७ मध्ये जिनीव्हा प्रांताच्या निवडणुकीत मतमोजणीची माहिती पाठविणाऱ्या वाहिनीच्या संरक्षणासाठी तिचा उपयोग करण्यात आला.

या रचनेची किंमतही होती. जाणारा तेजस्वी प्रकाश तंतूतील सूक्ष्म विषमतांवरून विखुरून मागे येतो व परतणाऱ्या क्षीण कणांत मिसळतो. तो टाळण्यासाठी स्पंद गटागटाने सोडावे लागतात आणि वेग घटतो. शिवाय प्रेषकाची पेटी बाहेरून आलेला प्रकाश आत घेते. हेराने आपलाच प्रकाश आत सोडून कला मोजू नये म्हणून तेथे वेगळे पहारे बसवावे लागतात.

म्हणून इंग्लंडमधील केंब्रिज येथे टोशिबाच्या संशोधन प्रयोगशाळेत अँड्र्यू शील्ड्स व झिलियांग युआन यांनी उलट वाट धरली. प्रकाश एकाच दिशेने जाऊ द्यावयाचा आणि यंत्रानेच आपली चूक पाहून स्वतःला सावरावयाचे, अशी त्यांची योजना होती. कलेत पडलेला फरक मोजून त्याप्रमाणे व्यतिकरणमापकाच्या एका भुजेतील तंतू दाबविद्युत् ताणकाने सूक्ष्म प्रमाणात ताणला जातो. ध्रुवणासाठी तशीच वेगळी दुरुस्ती होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रत्यक्ष वापरातील २०·३ किमी. तंतूवर ही यंत्रणा सलग १९ तास चालली. सरासरी चूक ०·८७ टक्के होती आणि ९९·६ टक्के वेळ किल्लीनिर्मितीसाठी उपलब्ध राहिला. याच गटाने आदल्या वर्षी १२२ किमी. अंतराचा प्रयोग प्रसिद्ध केला होता व त्याचा बोलबाला अधिक झाला. तंत्राच्या दृष्टीने १९ तासांचा प्रयोग अधिक मोलाचा आहे. विक्रमी अंतर काही मिनिटांच्या अनुकूल परिस्थितीत गाठता येते. टक्केवारीचा शेवटचा अंश सावरण्यास यंत्राची सर्व अंगे ठीक असावी लागतात.

फिक्या स्पंदांची अडचण : मागणीप्रमाणे बरोबर एकच प्रकाशकण देणारा स्वस्त उद्गम आजही सहज मिळत नाही. म्हणून लेसरचा स्पंद इतका क्षीण करतात की त्यात सरासरी ०·१ कण असावा. अशा शंभर स्पंदांपैकी सु. नव्वद रिकामे जातात, नवांत एकेक कण असतो व सु. दोनशे स्पंदांतून एकात दोन किंवा अधिक कण असतात. हेर या शेवटच्या स्पंदांतील जादा कण काढून ठेवू शकतो आणि एककणी स्पंद वाटेत अडवून तंतूतील नैसर्गिक ऱ्हासाच्या आड लपू शकतो. ही कमकुवत बाजू ब्रासार, नॉर्बर्ट ल्युट्केनहाउस, ताल मोर व बॅरी सँडर्स यांनी २००० मध्ये साधार मांडली. तिचा अर्थ असा होता, की तोवरच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या प्रयोगांतून मिळालेली किल्ली कसोटीला उतरत नव्हती.

वॉन-यंग ह्वांग यांनी २००३ मध्ये सुचविलेला व होई-क्वोंग लो आणि शियांग-बिन वांग यांच्या गटांनी २००५ मध्ये पूर्णत्वास नेलेला उपाय साधा आहे. प्रेषक अधूनमधून निराळ्या तेजाचे फसवे स्पंद मिसळतो. कोणता स्पंद फसवा हे हेराला कळत नसल्याने त्याने केलेली निवड पोहोचलेल्या स्पंदांच्या प्रमाणात उमटते. यासाठी नवीन यंत्र लागत नाही, फक्त तेज बदलणारा एक घटक व थोडे गणित लागते. २००७ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी १०० किमी.हून अधिक अंतरावर ही पद्धती यशस्वी केली. त्यांपैकी एक प्रयोग कॅनरी बेटांतील ला पाल्मा व टेनेरीफ यांमध्ये हवेतून १४४ किमी. अंतरावर झाला.

किल्लीचा वेग अडला होता तो अभिज्ञातकांपाशी. १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीला तंतूतील ऱ्हास सर्वांत कमी, किलोमीटरला सु. ०·२ डेसिबेल असतो, पण तेथे सिलिकॉनचे अभिज्ञातक आंधळे असतात. इंडियम गॅलियम आर्सेनाइडाचे अभिज्ञातक वापरावे लागतात व त्यांत एका मोजणीचे अवशेष पुढच्या खोट्या मोजणीस कारण होतात. केंब्रिजच्या गटाने २००७ मध्ये अभिज्ञातकाचा प्रत्येक प्रतिसाद लगतच्या आधीच्या प्रतिसादातून वजा करून अत्यंत दुर्बल संकेतही ओळखण्याची युक्ती काढली. अवशेष घटले व घड्याळाचा वेग सेकंदाला अब्ज स्पंदांपर्यंत नेता आला. २०१० मध्ये ५० किमी. तंतूवर ३६ तास सतत सरासरी दर सेकंदास दहा लाखांहून अधिक गुप्त अंक मिळाले. वेगळा रिकामा तंतू भाड्याने घेणे महाग पडते, म्हणून त्याच तंतूतून नेहमीची माहिती व पुंज कण एकत्र नेण्याचे प्रयोगही झाले. २०१२ मध्ये ते ९० किमी.पर्यंत साधले.

जाळी : अमेरिकेतील पहिले पुंज जाळे संरक्षण संशोधन संस्थेच्या साहाय्याने बी. बी. एन्. कंपनी, हार्व्हर्ड विद्यापीठ व बॉस्टन विद्यापीठ यांनी उभारले. ते २००३ मध्ये प्रयोगशाळेत व २००४ मध्ये केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) शहराच्या तंतूंवर सुरू झाले. ऑक्टोबर २००८ मध्ये व्हिएन्ना येथे यूरोपीय प्रकल्पाने सहा स्थानके व आठ दुवे असलेले जाळे प्रदर्शित केले. त्यात दुवे निरनिराळ्या देशांतील गटांनी निरनिराळ्या पद्धतींवर बांधलेले होते. वेगवेगळ्या घडणीची यंत्रे एका किल्ली-व्यवस्थेखाली नांदू शकतात, हे त्यातून दिसले. टोकिओचे जाळे ऑक्टोबर २०१० मध्ये चालू झाले व त्यावर गूढलिखित चलच्चित्र परिषद घेण्यात आली.

दीर्घकालीन स्थैर्याच्या दृष्टीने मात्र जिनीव्हाचे छोटे जाळे अधिक उद्बोधक आहे. विद्यापीठ, अभियांत्रिकी विद्यालय आणि सर्न ही युरोपीय कणसंशोधन संस्था अशी त्याची अवघी तीन स्थानके होती. ते मार्च २००९ ते जानेवारी २०११ असे दीड वर्षाहून अधिक काळ चालले. खंड पडला तो बहुतांशी वीजपुरवठा, शीतन, जोडण्या यांसारख्या सामान्य कारणांनी. पुंजीय भाग स्वतः तग धरून राहिला. दूरसंदेशवहनाच्या अभियंत्यांना हवा होता तो पुरावा हाच.

या सर्व जाळ्यांत एक तडजोड आहे. मधल्या प्रत्येक स्थानकावर किल्ली उघडी होते व पुढच्या दुव्यासाठी पुन्हा झाकली जाते. म्हणून त्या स्थानकावर विश्वास ठेवावा लागतो. जासूद नाहीसा झाला, पण त्याच्या जागी कुलूपबंद खोल्यांची रांग आली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

उपकरणांतील छिद्रे : २०१० मध्ये नॉर्वेतील ट्रॉनहेम येथील वादिम माकारोव्ह, लार्स ल्युडर्सन व सहकाऱ्यांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या दोन यंत्रणा संपूर्णतया फोडून दाखविल्या. अभिज्ञातकावर सतत तेजस्वी प्रकाश टाकला, की तो एककणी मोजणी सोडून साध्या प्रकाशविद्युत् घटकासारखा वागू लागतो. मग हेर ठराविक तेजाचा स्पंद पाठवून ग्राहीकडून स्वतःला हवा तोच अंक नोंदवून घेतो. चुकांचे प्रमाण वाढत नाही आणि यंत्राला काहीही संशय येत नाही. संशोधकांनी निष्कर्ष छापण्यापूर्वी निर्मात्यांना कळविले होते. पुंजयामिकीचा नियम या हल्ल्यात कोठेही मोडला नव्हता. सिद्धतेत गृहीत धरलेला अभिज्ञातक व फळीवर बसविलेला अभिज्ञातक हे एक नव्हते, एवढेच.

यावर दोन प्रकारची उत्तरे आली. एक म्हणजे प्रत्येक छिद्र बुजविणे : प्रकाशाच्या तीव्रतेवर पहारा, गाळण्या, विलगक, यांची भर. दुसरे मूलगामी होते. लो, मार्कोस कुर्टी व बिंग ची यांनी २०१२ मध्ये अशी रचना मांडली, की दोन्ही स्थानके प्रेषकच राहतील व मोजणी मधल्या तिसऱ्या ठिकाणी होईल. ते ठिकाण हेराच्याच ताब्यात असले तरी बिघडत नाही. या रचनेत दोन स्वतंत्र लेसरांचे कण एकाच क्षणी व एकाच रंगाचे पोहोचावे लागतात. त्यामुळे स्थैर्याचा जुना प्रश्न अधिक कडक रूपात परत आला. २०१८ मध्ये केंब्रिजच्या मार्को लुकामारिनी, युआन, जेम्स डाइन्स व शील्ड्स यांनी तिचाच एक प्रकार सुचविला. त्यात दोन दूरस्थ लेसरांच्या कला शेकडो किलोमीटरवरून जुळवून ठेवतात व पोहोच जवळजवळ दुपटीने वाढते.

अंतर व उपग्रह : पुंज कण वर्धकाने वाढविता येत नाहीत, कारण वाढविणे म्हणजे नक्कल करणेच होय. १,००० किमी. तंतूतील ऱ्हास सु. २०० डेसिबेल होतो. सेकंदाला १० अब्ज कण सोडले, तरी पलीकडे एक कण पोहोचण्यास सरासरी ३०० वर्षे लागतील. नव्या रचनेने चिनी संशोधकांनी २०२३ मध्ये १,००२ किमी. तंतूवर प्रात्यक्षिक केले, पण त्या अंतरावर मिळणारी किल्ली अत्यल्प असते.

चीनने दोन्ही वाटांनी जाऊन पाहिले. बेजिंग ते शांघाय ही सु. २,००० किमी.ची, ३२ विश्वस्त स्थानके असलेली वाहिनी सप्टेंबर २०१७ मध्ये खुली झाली. त्याआधी ऑगस्ट २०१६ मध्ये मिशिअस हा उपग्रह सोडण्यात आला होता. वातावरणाचा दाट थर थोडाच असल्याने उपग्रहाकडून येणाऱ्या प्रकाशाचा ऱ्हास तंतूहून कितीतरी कमी होतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी बेजिंग व व्हिएन्ना यांमध्ये सु. ७५ मिनिटांची दृक्-श्राव्य परिषद झाली. तिच्या संरक्षणासाठी पुंज किल्ली थेट संदेशाला न लावता नेहमीच्या गणिती गूढलेखन पद्धतीची किल्ली दर सेकंदाला बदलण्यासाठी वापरली, कारण संदेशाइतकी किल्ली जमा होणे शक्यच नव्हते. शॅनन यांनी सिद्ध केलेली अभेद्यता अशा वापरात राहत नाही. जाहिरातींतून हा मुद्दा सहसा गाळला जातो.

मूल्यमापन : अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने व ब्रिटनच्या संबंधित केंद्राने २०२० मध्ये शासकीय उपयोगासाठी या तंत्राची शिफारस करण्यास नकार दिला. खास उपकरणे लागतात, विश्वस्त स्थानके लागतात, वाहिनी तोडून सेवा बंद पाडणे सोपे जाते आणि समोरचा पक्ष खरा आहे ही ओळख पटविण्यासाठी आधीची सामायिक गुप्त माहिती वा गणिती सही लागतेच, असे त्यांचे आक्षेप आहेत. फ्रान्स, जर्मनी, नेदर्लंड्स व स्वीडन यांच्या संस्थांनी जानेवारी २०२४ मध्ये जवळपास असेच मत मांडले. पुंज संगणकासही न उकलणाऱ्या गणिती पद्धतींची पहिली अमेरिकी मानके ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या साध्या संगणकांवर चालतात व फार स्वस्त पडतात. हे आक्षेप बहुतांशी ग्राह्य आहेत. मात्र आज टिपून ठेवलेला गूढलेख तीस-चाळीस वर्षांनी उकलला जाण्याचा धोका ज्यांना सोसणार नाही, अशांच्या बाबतीत पुंज किल्लीचा एक गुण गणिती पद्धतीत नाही : ती ज्या क्षणी तयार झाली त्या क्षणी फुटली नसेल, तर पुढील गणिती प्रगतीने फुटत नाही. दोन्ही पद्धती एकत्र वापरण्याचे प्रयोग यामुळेच चालू आहेत. लंडन महानगरात अशी एक व्यापारी परीक्षा-सेवा २०२२ मध्ये सुरू झाली.

भारतातील कार्य : ज्या देशात या विषयाचा आद्य निबंध वाचला गेला, तेथे प्रत्यक्ष यंत्रणा उभ्या राहण्यास साडेतीन दशके लागली. डिसेंबर २०२० मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटनेने हैदराबादेतील आपल्या दोन प्रयोगशाळांमध्ये १२ किमी.च्या पल्ल्याचे प्रात्यक्षिक केले. मार्च २०२१ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने अहमदाबाद येथील अंतराळ उपयोजन केंद्राच्या आवारात दोन इमारतींमध्ये हवेतून ३०० मी. अंतरावर किल्ली पाठविली. दोन्ही टोकांची घड्याळे जुळविण्यासाठी नाविक या स्वदेशी उपग्रह-मार्गनिर्देशन प्रणालीचा ग्राही वापरला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण संघटना व दिल्लीची भारतीय तंत्रविद्या संस्था यांनी उत्तर प्रदेशातील प्रयागराज व विंध्याचल यांमध्ये १०० किमी.हून अधिक अंतरावर आधीच टाकलेल्या व्यापारी तंतूतून प्रयोग केला. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतही उपग्रहीय वितरणाच्या दिशेने काम चालते. भारतात दूरध्वनीचे तंतू पुष्कळ ठिकाणी खांबांवरून नेलेले असतात व उन्हाळ्यातील दिवसरात्रीच्या तापमानांत मोठे अंतर पडते. त्यामुळे ध्रुवण व कला यांच्या सततच्या दुरुस्तीचा प्रश्न येथे यूरोपातील पुरलेल्या वाहिन्यांपेक्षा अधिक कसोटी पाहणारा आहे. केंद्र शासनाने १९ एप्रिल २०२३ रोजी संमत केलेल्या ६,००३·६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय पुंज अभियानात २,००० किमी. अंतराच्या आंतरनगरी किल्ली-वितरणाचे व तेवढ्याच अंतरावरील भूस्थानकांना जोडणाऱ्या उपग्रहीय वितरणाचे उद्दिष्ट ठेवले आहे. अभियानाची मुदत २०३०–३१ पर्यंत असून त्यातील संदेशवहन विभागाचे केंद्र मद्रास (चेन्नई) येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत आहे.